पिंपातच विकली जाणारी बोर्दोची वाइन

फ्रान्सच्या बोर्दो भागातील उंची तांबडी वाइन बाटलीत भरण्यापूर्वीच विकली जाते. या पद्धतीस 'आं प्रिमर' म्हणतात. द्राक्षतोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरात होते. पुढील वसंतात २२५ लिटरच्या ओक लाकडी पिंपांतील नमुने व्यापारी व जाणकार चाखतात, मग मळेवाला भाव काढतो. पुष्कळदा तो थोडाच माल आधी काढून बाजार अजमावतो. दलालामार्फत माल व्यापाऱ्याकडे व तेथून ग्राहकाकडे जातो. पैसे आधी, बाटल्या दीड-दोन वर्षांनी.

आपल्याकडे आंब्याची बाग मोहोरावर देतात, तसेच हे वाटेल. पण मोहोर गळू शकतो. येथे पीक तळघरात आलेले असते. धोका उरतो तो मुख्यतः भावाचा, आणि तो घेणाऱ्याच्या माथी. २०१० च्या हंगामातील नामांकित वाइन चढ्या भावाने घेणाऱ्या अनेकांचे पुढे मुद्दलही सुटले नाही. त्यामुळे ग्राहक आगाऊ पैशावर सूट मागतो, ते रास्तच आहे.

शातो लातूर या मळ्याने (आपल्या लातूरशी संबंध नाही!) २०११ च्या हंगामानंतर ही पद्धत सोडली. तो पिण्यायोग्य झालेलीच वाइन विकतो. मात्र तोवर साठवणीचा खर्च व अडकलेले भांडवल त्याचेच.