आसनगाव ते शांघाय : गाठीला किती बांधावे?

आधी आकडा सांगतो. दोघे मिळून गेलात, एकच खोली घेतलीत आणि सगळं स्वतः ठरवलंत, तर शांघायमधल्या पाच रात्रींचा खर्च माणशी 75 ते 90 हजार रुपये धरावा. यात खरेदी नाही. टूर कंपनीबरोबर चीन करायचं तर जाहिरातींतले आकडे दीड लाखाच्या आगेमागे सुरू होतात. वरचे पैसे कशाचे आणि ते कोणी द्यावेत, ते पुढे येईलच.

‘मुंबईचं शांघाय करू’ हे 2004 पासून ऐकत आपण कसारा लोकलच्या दारात लोंबकळलो. ते शांघाय बघायला जाणं मात्र आता बरंच सोपं झालंय. 2020 मध्ये थांबलेली भारत-चीन थेट विमानसेवा ऑक्टोबर 2025 मध्ये पुन्हा सुरू झाली. सुरुवात कोलकाता आणि दिल्लीहून झाली. मुंबईहून निघणाऱ्याला हाँगकाँग, सिंगापूर, बँकॉक किंवा क्वालालंपूरला विमान बदलून जाण्याचे पर्याय भरपूर आहेत. दोन महिने आधी काढलं तर जाऊन-येऊन तिकीट 35 ते 45 हजारांत बसावं. सर्वांत स्वस्त तिकिटात बऱ्याचदा सामानाचे पैसे नसतात, ते मिळवूनच तुलना करा. हाँगकाँगला मधल्या वेळात विमानतळाबाहेर पडायचं असेल तर भारतीयांना आधी ऑनलाइन नोंदणी करावी लागते. ती फुकट असते, पण इथूनच उरकायची.

कधी जावं? एप्रिल आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हे शांघायच्या हवेचे चांगले महिने. ऑक्टोबर-नोव्हेंबर म्हणजे आपल्याकडे भात कापणी. तेव्हा झोडणी उरकून नोव्हेंबरच्या अखेरीस निघा, स्वेटर घ्या. 1 ऑक्टोबरपासूनचा आठवडा, 1 मेची सुट्टी आणि त्यांचं नववर्ष मात्र टाळा. त्या दिवसांत नदीकाठच्या बंडवर म्हशाच्या जत्रेसारखी दाटी असते आणि हॉटेलवाले भाव वाढवून बसलेले असतात.

कागद

आधी पासपोर्ट. 36 पानी पासपोर्टला 1500 रुपये, तत्काळ हवा तर आणखी 2000. अर्ज ऑनलाइन भरता येतो. खरी अडचण येते ती नावात. शाळेच्या दाखल्यावर ‘बाळू’, आधारवर ‘बाळाराम’, बँकेत आडनाव आधी; बायकांचं तर माहेरचं एक आणि सासरचं एक. हे सगळं एकसारखं करून घेतल्याशिवाय पासपोर्ट केंद्राची वेळ घेऊ नका, नाहीतर ठाण्याच्या खेपा वाढतात आणि रोज बुडतो. पोलिस पडताळणी ठाणे ग्रामीणच्या तुमच्या हद्दीतल्या ठाण्याकडून होते, मग ते टोकावडे असो की किन्हवली. तिची वेगळी फी नसते.

‘चीनमध्ये दहा दिवस व्हिसा लागत नाही’ असे व्हिडिओ मोबाईलवर फिरतात. ती 240 तासांची सवलत ठरावीक देशांच्या नागरिकांना आहे आणि त्या यादीत भारत नाही. आपल्याला पर्यटक व्हिसाच काढावा लागतो. अर्ज आधी ऑनलाइन, मग कागद मुंबईत. एका प्रवेशाच्या व्हिसाचं मूळ शुल्क तीन हजारांच्या घरात आहे. सेवाशुल्क, फोटो, झेरॉक्स आणि मुंबईची ये-जा धरून साडेचार-पाच हजार बाजूला ठेवा आणि अर्जाच्या दिवशी ताजा दर बघा. आपल्यातल्या पुष्कळांचं उत्पन्न शेतीचं, त्यामुळे प्राप्तिकराचं विवरणपत्र भरलेलं नसतं. अशा वेळी भार पडतो तो बँकेच्या स्टेटमेंटवर. अर्जाच्या आदल्या आठवड्यात मेहुण्याकडून दोन लाख घेऊन खात्यात टाकले तर ते स्टेटमेंटवर उठून दिसतात. त्यापेक्षा सहा महिने आधीपासून खातं नीट चालवा. दूध डेअरीचे, भाड्याचे, भाताचे जे पैसे येतात ते खात्यातूनच फिरू द्या.

पैसे तिथे कसे द्यायचे

पहिल्यांदा जाणारा सर्वांत जास्त अडकतो तो इथे. युपीआय तिथे चालत नाही. चहावाल्यापासून मॉलपर्यंत सगळे मोबाईलवरचा कोड स्कॅन करतात. नोटा चालतात, पण सुट्टे द्यायला दुकानदार नाखूष असतो. विचॅटवर भारतात 2020 पासून बंदी आहे, म्हणून अलिपेची तयारी करा. इथे असतानाच ते मोबाईलमध्ये बसवा, पासपोर्टचा तपशील भरा आणि व्हिसा किंवा मास्टरकार्डचं कार्ड जोडा. कार्डाचा परदेशातला वापर बँकेच्या ॲपमधून सुरू करावा लागतो. तो बंदच राहिला तर काउंटरवर नूडल्सची वाटी समोर वाफाळत असते, मागे रांग लागलेली असते आणि मोबाईलवर लाल फुली. 200 युआनपर्यंतच्या व्यवहाराला अलिपे परदेशी कार्डावर जादा आकार लावत नाही, त्याहून मोठ्या व्यवहारावर 3 टक्के घेतं. तुमची बँक चलनबदलाचे घेईल ते वेगळे. दोन वेगवेगळ्या बँकांची कार्डं आणि अडीअडचणीला हजारभर युआन रोख, एवढं जवळ असू द्या. बँकेचा ओटीपी इथल्या सिमवर येतो, म्हणून त्याचं रोमिंग सुरू ठेवूनच विमानात बसा.

रोमिंगचा दुसरा फायदाही मोठा आहे. चीनमध्ये व्हॉट्सॲप, गुगल, यूट्यूब, फेसबुक बंद आहेत. हॉटेलच्या वायफायवर व्हॉट्सॲप उघडत नाही, पण इथल्या सिमच्या रोमिंग डेटावर चालतं. दोघांत एकाने पॅक घेतला तरी भागतं. त्याला दोन-अडीच हजार धरा.

शहरातला खर्च

एक युआन म्हणजे साधारण 12 ते 13 रुपये. हिशोबाला 13 धरू. मेट्रोजवळचं स्वच्छ, साधं हॉटेल 300 ते 400 युआनला मिळतं, म्हणजे दोघांत माणशी रात्रीला 1950 ते 2600 रुपये. परदेशी पाहुण्याची पोलिसात नोंद करावी लागते, ती हॉटेल स्वतः करतं. एखाद्या नातेवाइकाच्या घरी उतरलात तर 24 तासांत ती तुम्हाला करावी लागते.

पुडोंग विमानतळावरून टॅक्सीने शहरात जायला दोनशे युआनच्या आसपास लागतात. मेट्रोची 2 नंबरची लाइन सात-आठ युआनमध्ये तासाभरात नेते. चुंबकीय गाडी, मॅगलेव्ह, 50 युआनला 30 किलोमीटर आठेक मिनिटांत कापते, पण ती शहराच्या मध्यात सोडत नाही, पुढे मेट्रो धरावीच लागते. एकदा हौस म्हणून जरूर बसा, रात्री दमून उतरल्यावर नको. शहरात मेट्रोचं तिकीट 3 युआनपासून, दिवसभराचा पास 18 युआनचा. आत शिरताना प्रत्येक स्टेशनवर पिशवी यंत्रातून जाते.

बघण्यासारखं पुष्कळसं फुकट आहे. बंडवरून समोरचे दिवे बघायला पैसे लागत नाहीत, शांघाय म्युझियमही मोफत. पासपोर्ट मात्र जवळ हवा. पर्यटकांच्या बोटीला शंभरावर युआन लागतात. नदी ओलांडायला कामावर जाणारी माणसं वापरतात ती साधी फेरी 2 युआनला आहे, आणि मला विचाराल तर तीच घ्या. 632 मीटर उंचीच्या शांघाय टॉवरवर जायला 180 युआनच्या आसपास लागतात. ढगाळ दिवशी वर फक्त पांढरं दिसतं, तेव्हा आदल्या दिवशी ऑनलाइन काढून ठेवण्यापेक्षा आभाळ बघून ठरवा. जुन्या शहरातली यू बाग 40 युआन. वाचलेल्या पैशांत बुलेट ट्रेनने सुझोऊला जाऊन या: अर्ध्या तासाचा प्रवास, एका बाजूचं चाळीसेक युआन.

जेवणाला दिवसाला 100 युआन पुरतात. नूडल्स-भाताची वाटी 15 ते 30 युआन. माळकऱ्यांनी मात्र जपावं, कारण भाजीतही मांसाचा रस्सा असू शकतो. ‘वो छ्र सू’, मी शाकाहारी, हे चिनी अक्षरांत मोबाईलवर लिहून ठेवा आणि दाखवा. गरम पाणी सगळीकडे फुकट मिळतं, नळाचं पिऊ नका. खाकरे, चटणी, भाजलेले शेंगदाणे न्या. तूप, पेढे, ताजी फळं, कसलंही बियाणं नेऊ नका, तिथल्या कस्टमला चालत नाही. पॉवर बँकही विचार करून न्या: जून 2025 पासून चीनच्या देशांतर्गत विमानांत त्यांचा 3सी शिक्का नसलेली पॉवर बँक नेता येत नाही.

नानजिंग रोडवर गोड इंग्रजी बोलणारी तरुण मुलं-मुली फोटो काढून द्या म्हणतात, मग चहा प्यायला बोलावतात. त्या चहाचं बिल हजारांत येतं. हसून पुढे चला.

आता टूर कंपनीचा प्रश्न. आई-वडील सत्तरीचे असतील, कांदा-लसूणही चालत नसेल, किंवा बरोबर कोणालाच मोबाईल नीट येत नसेल तर ते जादा पैसे द्यावेत, त्यांचं चीज होतं. घरात मोबाईल लीलया चालवणारा एखादा पोरगा असेल तर ती निव्वळ भीतीची किंमत आहे. पॅकेजवर घेतलेला टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, विवरणपत्र भरलं तर तुमच्या करात वळता होतो किंवा परत मिळतो, एवढं लक्षात ठेवून पावती जपा.

घर ते विमानतळ हा खर्च सगळे विसरतात. पूर्वेकडची बरीच विमानं रात्री सुटतात आणि तेवढ्या रात्री बॅगा घेऊन आसनगावहून लोकलने जाणं सोपं नाही. मुरबाडला तर रेल्वेच नाही. शहापूरहून गाडी करायची तर टोल धरून अडीच-तीन हजार एका वेळचे. येताना पहाटे उतरलात तर लोकल आहेच. परतीच्या बॅगेत ड्रोन नको, त्याची आयात 2022 पासून बंद आहे. ई-सिगारेटही नको, तिच्यावर 2019 पासून बंदी आहे. तिथे दोन्ही दुकानादुकानांत दिसतात आणि इथल्या कस्टमला जप्त करायला फार वेळ लागत नाही.