मोटारीच्या आतली सजावट : व्हायनल रॅपचा घरगुती धंदा

मोटारीच्या धंद्यात आपल्या समाजातील कारागीर पूर्वीपासून आहेत. डेंटिंग-पेंटिंग, कुशनकाम, सीट कव्हर, वायरिंग ही कामे बापाकडून मुलाकडे आली. आता त्यात आणखी एका कामाची भर पडली आहे. ते म्हणजे डॅशबोर्डची पट्टी, गिअरभोवतीची चौकट, दाराच्या काच-बटणांची पट्टी अशा आतील प्लास्टिकच्या भागांवर रंगीत व्हायनल फिल्म चढवणे. या कामाला गाळा लागत नाही, कॉम्प्रेसर लागत नाही आणि रंगाची फवारणी नसल्याने शेजाऱ्यांची तक्रारही येत नाही. घरातील एक खोली, एक टेबल आणि चांगला उजेड एवढ्यावर सुरुवात करता येते. मोटारीचा बाहेरचा रंग आर.सी.वर नोंदलेला असतो. तो बदलला तर आर.टी.ओ.कडे नोंद करावी लागते. आतील पट्ट्यांना ही कटकट नाही.

२०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने मोटारींच्या काचांवर काळी फिल्म लावण्यास बंदी घातली, तेव्हा अनेकांचे काम बसले. त्या कामात तयार झालेल्या हातांना हे काम लवकर जमेल. मात्र एक सवय त्यांना मोडावी लागेल. काचेची फिल्म साबणाच्या पाण्यावर सरकवून बसवतात. रॅपची फिल्म कोरडीच बसवतात. तिच्या पाठीवर हवा निघून जाण्यासाठी बारीक नाल्या असतात. तिथे पाणी शिरले तर ते अडकून राहते आणि चिकट थर पकड घेत नाही.

माल कसा ओळखावा

बाजारात ही फिल्म मुख्यतः दोन प्रकारची येते, कास्ट आणि कॅलेंडर्ड. दिसायला दोन्ही सारख्या. फरक बनवण्याच्या पद्धतीत आहे आणि तो आपल्या स्वयंपाकघरातून सहज समजतो. घावन करताना पातळ पीठ तव्यावर ओततात. ते पसरते आणि तसेच शिजते, त्यात ताण नसतो. कास्ट फिल्म अशीच द्रव थर पसरून वाळवतात. पोळी मात्र लाटावी लागते आणि लाटलेली कणीक मागे ओढ घेते. कॅलेंडर्ड फिल्म गरम रुळांतून दाबून काढलेली असते, म्हणून ताप लागला की ती आकसते. उन्हाळ्यात बंद मोटारीचा डॅशबोर्ड ७० अंश सेल्सिअसच्या पुढे तापू शकतो. मे महिन्यात कडा उचलल्याची तक्रार घेऊन ग्राहक परत येतो, त्याचे एक मोठे कारण हेच.

दुकानदाराच्या शब्दावर न जाता स्वतः परीक्षा करावी. स्टीलच्या पत्र्यावर फिल्मचा तुकडा चिकटवावा, मधोमध ब्लेडने फुलीसारखी चीर द्यावी आणि पत्रा आठवडाभर कडक उन्हात ठेवावा. आकसणारी फिल्म चिरेजवळ फाकते व खालचा पत्रा दिसू लागतो. चांगली फिल्म जागची हलत नाही. सपाट पट्टीसाठी कॅलेंडर्ड चालू शकते, परंतु गोलाई आणि खोलगट भागासाठी कास्टच घ्यावी. थ्री-एम, एव्हरी डेनिसन वगैरे कंपन्यांची कास्ट फिल्म महाग पडते, पण आतील कामाला लागतेच किती?

हिशेब मांडून पाहू. रॅपचा रोल बहुधा १५२ सेंटिमीटर रुंदीचा असतो. डॅशबोर्डची पट्टी ६० सेंटिमीटर लांब व ८ सेंटिमीटर रुंद असेल, तर चारही बाजूंना ५ सेंटिमीटर धरून ७० बाय १८ चा तुकडा लागतो. रोलमधून ७० सेंटिमीटर लांबी कापली की रुंदीत असे ८ तुकडे बसतात. समजा मीटरचा भाव ९०० रुपये आहे, तर ७० सेंटिमीटरचे ६३० रुपये झाले आणि एका पट्टीस साधारण ७९ रुपयांची फिल्म लागली. म्हणजे ग्राहक पैसे देतो ते मुख्यतः हातासाठी. तेव्हा फिल्ममध्ये पैसे वाचवण्यात शहाणपण नाही.

लाकडाच्या रेषा, कार्बनची वीण किंवा घासलेल्या धातूची झाक असलेल्या फिल्मला दिशा असते. सर्व तुकडे एकाच दिशेने कापावेत. माल वाचवण्यासाठी एक तुकडा आडवा घेतला तर गाडीत बसवल्यावर तो चटकन डोळ्यांत खुपतो. आधी कागदी फर्मा करून घ्यावा. शिवणकाम जाणणाऱ्या घरातील भगिनी हे काम कारागिरापेक्षा चोख करतात.

प्रत्यक्ष काम

भाग शक्यतो सोडवून काढावा. त्यासाठी नायलॉनच्या पट्ट्या मिळतात. स्क्रूड्रायव्हर घातला की बाजूच्या प्लास्टिकला कायमचा दात पडतो. काढण्यापूर्वी मोबाईलवर फोटो घ्यावा, स्क्रू आणि क्लिपा डबीत ठेवाव्यात.

या कामाचा निम्मा निकाल साफसफाईत लागतो. डॅशबोर्ड चमकवण्यासाठी लोक जे पॉलिश मारतात त्यात बहुधा सिलिकॉन असते. ते डोळ्यांना दिसत नाही आणि त्यावर काहीही धड चिकटत नाही. आधी साबणाच्या पाण्याने धुऊन, पूर्ण सुकवून, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोनदा पुसावे, प्रत्येक वेळी फडके नवे. खाचांसाठी काडीला फडके गुंडाळावे. हे अल्कोहोल पेट घेते, म्हणून शेगडी व हीटगनपासून दूर वापरावे व खिडकी उघडी ठेवावी. पुसून झाल्यावर खिडकी लावून पंखा बंद करावा. फरशीवर थोडे पाणी शिंपडले तर धूळ बसते.

खडबडीत दाण्याचे प्लास्टिक, विशेषतः पॉलिप्रोपिलीनचे दाराचे मोठे पॅनेल, या कामाचे नव्हे. फिल्म फक्त दाण्यांच्या टोकांना चिकटते आणि काही दिवसांत सुटते. गुळगुळीत किंवा रंगवलेले भाग घ्यावेत. मऊ रबरी लेप असलेला भाग जुना झाला की चिकट होतो. तो लेप काढल्याशिवाय फिल्म लावू नये.

आता फिल्म. ती भागावर सैल ठेवावी आणि मधून कडांकडे, फेल्ट लावलेल्या स्क्वीजीने दाबत जावे. भागात खोलगट जागा असेल तर उलट करावे. आधी सर्वांत खोल जागी फिल्म बसवावी व मग वर यावे. नवखा माणूस वरून सुरू करतो आणि खोलगटावर फिल्मचा पूल बांधून ठेवतो. तो पूल आज दाबला तर बसतो, पण उद्या उन्हात उठतो. सुरकुती पडली तर जोर लावू नये. फिल्म उचलावी, न ताणता हीटगनची हलकी ऊब द्यावी. ती आपोआप पूर्ववत होते, कारण तापल्यावर मूळ आकारात परतण्याचा तिचा स्वभाव आहे.

हाच स्वभाव शेवटी मोडावाही लागतो. कडा वळवून मागे ५ ते १० मिलिमीटर घेतल्यानंतर ताणलेल्या जागा व कडा ९० ते १०० अंशांपर्यंत तापवाव्यात, म्हणजे फिल्म नव्या आकारालाच आपला मानते. खरी कसोटी इथे आहे. मोटारीतील बरेच भाग ए.बी.एस. प्लास्टिकचे असतात आणि ते १०० अंशांच्या आसपास मऊ पडू लागते. फिल्मला हवी तेवढी आच प्लास्टिकला सोसत नाही. म्हणून हीटगन एका जागी थांबवू नये, काही सेकंदच द्यावी आणि तापमापक बंदुकीने पाहत राहावे. २०२० साली कोरोनात दुकानोदुकानी दिसलेली कपाळाची बंदूक इथे निरुपयोगी आहे. ती माणसाच्या तापापुरतीच मोजते. यंत्रकामाची घ्यावी.

पहिले हात ग्राहकाच्या मालावर मुळीच साफ करू नयेत. मुंबईत कुर्ल्याला, पुण्यात नाना पेठेत जुने सुटे भाग मिळतात. फुटकी का होईना, एक चौकट आणावी आणि तिच्यावर दहा वेळा फिल्म चढवून काढावी.

कोठे हात लावू नये

ज्या झाकणावर एअरबॅगची खूण आहे, तिथे फिल्म लावू नये, ग्राहकाने कितीही आग्रह केला तरी. भारतात चालकासाठी एअरबॅग १ जुलै २०१९ पासून आणि शेजारच्या आसनासाठी नव्या मॉडेलना १ एप्रिल २०२१ पासून सक्तीची झाली. म्हणजे आता येणाऱ्या बहुतेक नव्या गाड्यांत डॅशबोर्डच्या डाव्या बाजूस ती आहेच. ते झाकण ठरलेल्या रेषेवर फाटावे अशी त्याची रचना असते. त्यावर ताणलेली फिल्म ते उघडण्यात अडथळा आणू शकते. स्टिअरिंगचा मधला भागही तसाच सोडावा. काचेजवळच्या खांबांत पडद्याची एअरबॅग असू शकते, तेही खोलू नयेत. डॅशबोर्डच्या वरच्या पृष्ठावर चकचकीत फिल्म नको. तिचे प्रतिबिंब समोरच्या काचेत पडते आणि चालकाचे डोळे दिपतात.

आता अशी गोष्ट, जी कोणत्याही कंपनीच्या माहितीपत्रकात सापडणार नाही. फिल्म ओरखडे झाकते तशी तडाही झाकते. जुन्या गाड्यांचे दलाल याच कामासाठी येतात आणि रोख पैसे देतात. चौकट मधून तडकलेली असते, चिकटवलेली असते, क्वचित अपघातात एअरबॅग फुटून गेलेली असते आणि झाकण नुसते जोडलेले असते. वर नवी कोरी फिल्म आली की गिऱ्हाईक फसले. प्रेषित मुहम्मद (स.) मदीनेच्या बाजारात धान्याच्या ढिगात हात घालून पाहतात, आत ओल लागते, आणि ते व्यापाऱ्याला ओले धान्य लोकांना दिसेल असे वर ठेवायला सांगतात, हा हदीसमधील प्रसंग आपण सर्वांनी ऐकलेला आहे. फिल्म चढवणारा म्हणेल की गाडी मी विकत नाही. पण ओल झाकणारा हात त्याचा असतो. एअरबॅगचे झाकण असेल तर सरळ नकार द्यावा. साधी तडा असेल तर फिल्म लावण्यापूर्वीचा फोटो काढावा, पावतीवर ‘भाग तडकलेला होता’ असे लिहावे आणि तीच पावती पुढील गिऱ्हाइकाला दाखवण्याची अट घालावी. अट ऐकून दलाल उठून गेला तर जाऊ द्यावा. पावतीवर फिल्म कास्ट की कॅलेंडर्ड हेही लिहावे. कास्टचा भाव घेऊन दुसरी लावणे हीदेखील तीच ओल.

काम देताना ग्राहकास सांगावे की दोन दिवस पट्टी ओल्या फडक्याने पुसू नये, पकड पूर्ण होऊ द्यावी. पुढे कधी फिल्म नकोशी झाली तर ती ओढून काढू नये, घेऊन यावे. हलकी ऊब देऊन, तिरप्या कोनात, सावकाश ओढली की ती सहसा अखंड निघते आणि खाली राहिलेला चिकटपणा अल्कोहोलने पुसून जातो. कंपनीची किंवा भाड्याची गाडी वापरणारे ग्राहक हे ऐकूनच काम देतात.