स्क्रीन जाते, गाणी राहतात

जुन्या म्युझिक प्लेअरची स्क्रीन काळी पडली की यंत्रच संपले, असा समज सर्वत्र आढळतो. वस्तुतः स्क्रीन हा यंत्रात काय चालले आहे ते दाखवणारा भाग असून गाणी साठवणारी डिस्क, ती वाजवणारे सर्किट आणि बटणे हे भाग तिच्यावाचूनही चालू राहू शकतात. हा भेद ध्यानात न घेता घाईने आरंभलेल्या दुरुस्तीत मूळ बिघाडापेक्षा मोठे नुकसान होते, हा अनुभव वारंवार येणारा आहे. वऱ्हाडातील घरांत अशा प्लेअरवर तुकडोजी महाराजांची खंजिरीवरची भजने असतात. ती पुन्हा मिळवता येतात. परंतु प्लेअरच्या माइकवर कधीकाळी घरच्या आजीच्या ओव्या किंवा लग्नातली गाणी मुद्रित केलेली असतील, तर त्यांची दुसरी प्रत जगात कोठेही नसते. म्हणून स्क्रूला हात लावण्यापूर्वी आतला आवाज बाहेर काढून सुरक्षित ठेवणे, हे दुरुस्तीचे पहिले काम होय.

उदाहरणादाखल ॲपल कंपनीने ऑक्टोबर २००५ मध्ये आणलेला पाचव्या पिढीचा आयपॉड घेता येईल, कारण या यंत्राची रचना पुष्कळ अभ्यासली गेलेली आहे. त्याची स्क्रीन अडीच इंचांची असून ती पूर्ण बंद पडली तरी मेनू आणि मधले बटण काही सेकंद एकत्र दाबून धरल्यास यंत्र पुन्हा सुरू होते, आणि लगेच मधले बटण व प्ले ही जोडी धरून ठेवल्यास ते ‘डिस्क मोड’मध्ये, म्हणजे केवळ साठवणीचे साधन या रूपात, संगणकाला दिसू लागते. गाणी एका लपवलेल्या फोल्डरमध्ये असतात आणि फाइलींची नावे चार निरर्थक अक्षरांची असतात. त्यामुळे पाहणारा दचकतो, पण गाण्याचे व गायकाचे नाव सहसा फाइलीच्या आतच नोंदलेले असल्याने ते नंतर परत लावता येते. या टप्प्यावर संगणकातील सॉफ्टवेअर यंत्र ‘रिस्टोअर’ करायचे का, असे विचारू शकते. रिस्टोअर करणे म्हणजे डिस्क पुसून यंत्र नव्यासारखे करणे, म्हणून तेथे निःसंदिग्ध नकार द्यावा.

यानंतर निदान. अशा प्लेअरमधील स्क्रीन बहुधा द्रवस्फटिकाची, म्हणजे एलसीडी प्रकारची असते. द्रवस्फटिक हा प्रवाही असूनही रेणूंची ठरावीक मांडणी राखणारा पदार्थ असून तो स्वतः प्रकाश देत नाही. मागच्या छोट्या एलईडी दिव्यांचा प्रकाश तो अडवतो किंवा पुढे सोडतो, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना असलेल्या ध्रुवक फिल्म, म्हणजे एकाच दिशेने कंप पावणारा प्रकाश जाऊ देणारे पातळ पापुद्रे, यांच्यामुळे त्या अडवण्याचे चित्र बनते. म्हणजे दिवे, द्रवस्फटिकाची काच, ध्रुवक फिल्म आणि या सर्वांना मुख्य सर्किटशी जोडणारी चपटी पट्टी (तिला कारागीर ‘फ्लेक्स’ म्हणतात) असे चार निरनिराळे संशयित असतात, आणि ‘डिस्प्ले गेला’ या एका वाक्यात ते चौघेही एकत्र गुंडाळले जातात.

त्यांना वेगळे करण्यास महागडे उपकरण लागत नाही. अंधाऱ्या खोलीत प्लेअर चालू करून काळ्या स्क्रीनवर बॅटरीचा झोत तिरपा टाकावा आणि डोळा जवळ नेऊन पाहावे. फिकट अक्षरे दिसली आणि बटण फिरवताच ओळ खाली सरकली, तर काच व फ्लेक्स शाबूत असून केवळ मागचा दिवा किंवा त्याचा पुरवठा गेलेला आहे. याउलट स्क्रीन पांढरीशुभ्र उजळत असेल पण तिच्यावर एकही अक्षर उमटत नसेल, तर दिवा ठीक आहे आणि संदेश पोहोचत नाही, म्हणून फ्लेक्सची जोडणी प्रथम तपासावी. उभ्या रेषा येत-जात असतील आणि कडेला बोट हलकेच ठेवताच बदलत असतील, तर संशय पुन्हा जोडणीवरच जातो. सांडलेल्या शाईसारखा काळा डाग एका कोपऱ्यातून पसरलेला असेल, तर काच तडकून द्रव सुटलेला असतो. अशा स्क्रीनची दुरुस्ती होत नाही, ती बदलावीच लागते. काही प्लेअरांत स्वयंप्रकाशी ओएलईडी स्क्रीन असते. ती वर्षानुवर्षांच्या वापराने मंदावते आणि तिच्यामागे बदलण्याजोगा दिवाच नसतो, हे तिच्याबाबत वेगळे लक्षात ठेवावे.

वऱ्हाडात या यादीत उन्हाळ्याची भर पडते, आणि तिचे महत्त्व बाहेरच्या मार्गदर्शिकांतून पुरेसे कळत नाही. आयपॉडसाठी निर्मात्याने वापराची मर्यादा शून्य ते ३५ अंश सेल्सिअस आणि साठवणीची मर्यादा उणे २० ते ४५ अंश अशी दिलेली आहे. अमरावती-अकोल्याकडे मे महिन्यात नुसते सावलीतले तापमान ४५ अंशांच्या आसपास पोहोचते, मग अमरावतीजवळच्या भातकुलीतील टिनपत्र्याखालच्या खोलीत किंवा उन्हात उभ्या गाडीत ठेवलेल्या प्लेअरची अवस्था सहज समजण्यासारखी आहे. विशिष्ट तापमानापलीकडे द्रवस्फटिकातील रेणूंची मांडणी मोडते आणि स्क्रीन सरसकट काळी किंवा कोरी दिसते, परंतु यंत्र निवल्यावर ती मांडणी बहुधा आपोआप परत येते. म्हणून दुपारी काळी पडलेली स्क्रीन दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत गेली असे मानू नये. ती लवकर निवावी म्हणून प्लेअर फ्रीजमध्येही ठेवू नये, कारण बाहेर काढताच आत दव धरते. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने मात्र ध्रुवक फिल्म कुजते, तपकिरी डाग पडतात, आणि कधी आंबूस वासही येतो, कारण फिल्ममधील सेल्युलोज ॲसिटेटचे विघटन होऊन ॲसेटिक आम्ल सुटते. हा बिघाड निवल्याने जात नाही.

यंत्र उघडण्यापूर्वी ते सपाट टेबलावर ठेवून पाहावे. ते डुगडुगत असेल, पाठ फुगलेली असेल किंवा कडेची फट वाढलेली असेल, तर आतील लिथियम बॅटरी फुगली आहे असे समजावे. स्क्रीनवरचे डाग या दाबानेही पडू शकतात. अशी बॅटरी चार्ज करू नये, टोचू नये, दाबून बसवू नये. ती ई-कचरा स्वीकारणाऱ्या ठिकाणी द्यावी, घरच्या केराबरोबर कधीही नाही.

तालुक्याच्या गावातला कारागीर दिवसभर मोबाइल हाताळतो आणि मोबाइल बहुधा गोंदाने चिकटवलेले असल्यामुळे त्याचा हात सवयीने हीट गनकडे जातो. वर सांगितलेला आयपॉड मात्र गोंदाने नव्हे, खाचांत अडकणाऱ्या धातूच्या पकडींनी बंद असतो, त्यामुळे त्याला गरम हवा देणे अनावश्यक आणि स्क्रीनला घातक आहे. हे कारागिरास आधीच नम्रपणे सांगावे. प्लास्टिकच्या पातळ पट्टीने कडेने एकेक पकड सोडवावी, आणि पाठ पूर्ण सुटली असे वाटताच हात थांबवावा, कारण हेडफोनच्या खाचेकडे व बॅटरीकडे जाणाऱ्या आखूड पट्ट्या अजून दोन्ही अर्ध्यांना जोडून असतात. पाठ झटक्याने उचलली की त्या फाटतात, आणि स्क्रीनसाठी उघडलेल्या यंत्राचा आवाजच नाहीसा होतो. स्क्रीनची फ्लेक्स ज्या खाचेत बसते तिच्यावर एक बारीक झडप असते. ती नखाने वर उचलली की फ्लेक्स ओढ न देता बाहेर येते, आणि ओढ द्यावी लागत असेल तर झडप उघडलेली नाही असे खुशाल समजावे. पुष्कळदा ती फ्लेक्स काढून, टोक पुसून, सरळ बसवून झडप लावल्याने स्क्रीन परत येते.

पुसण्यासाठी पाणी वापरू नये. भातकुली तालुका पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात, म्हणजे भूजल खारे असलेल्या पट्ट्यात, येतो. येथील बोअरच्या पाण्याने ओला केलेला फडका वाळला की मीठ मागे राहते, आणि अगदी जवळजवळ असलेल्या तांब्याच्या रेघांवर तेच मीठ पुढे हिरवा गंज आणते. उच्च शुद्धतेचे आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सूत न सुटणारे कापड हेच योग्य. नवी स्क्रीन बसवल्यास पाठ बंद करण्यापूर्वी ती चालवून, आवाजही ऐकून पाहावे.

स्क्रीन कोठेच मिळाली नाही, तरी प्लेअर टाकून देण्याचे कारण नाही. ॲपलनेच जानेवारी २००५ मध्ये आणलेल्या आयपॉड शफलला स्क्रीन नव्हतीच. शिवाय रॉकबॉक्स हे मुक्त सॉफ्टवेअर पाचव्या पिढीच्या आयपॉडसह अनेक जुन्या प्लेअरांवर चालते आणि त्यात मेनू वाचून दाखवणारा आवाज आहे, ज्याच्या आधारे दृष्टिहीन श्रोते हे प्लेअर वापरत आले आहेत. ते बसवताना फोल्डरांची नावेही बोलून दाखवण्याची सोय सुरू करावी आणि भजने, ओव्या, गाणी असे मोजकेच फोल्डर करावेत, म्हणजे घरातील वृद्ध माणसाला बटण दाबत, ऐकत, हवे ते लावता येते.