शस्त्रकर्मापूर्वीचे भय आणि तितिक्षा

दिल्लीतील पहाडगंजात राहणाऱ्या एखाद्या गृहस्थाच्या तळव्याचे कुरूप उद्या कापावयाचे असते. काम घटकाभराचे, तरीही त्यास रात्री झोप येत नाही. नित्य गीतापाठ करणाऱ्यास अशा भयाची लाज वाटते. ती वाटू नये. रणांगणावर अर्जुनाचीही गात्रे थरथरली आणि ते त्याने उघड सांगितले. भगवंतांचा उपदेश त्यानंतरच सुरू झाला.

सुखदुःख देणारे इंद्रियांचे विषयस्पर्श येतात आणि जातात, ते सहन करावेत, असा दुसऱ्या अध्यायातील १४ व्या श्लोकाचा आशय आहे. परंतु टाळता येणारी वेदना ओढवून घेणे म्हणजे तितिक्षा नव्हे. कुरुपास ‘कदर’ म्हणून ते कापण्याचा विधी सांगणाऱ्या सुश्रुतानेच, ज्यास वेदना सोसवत नाही व मद्याची सवय आहे, त्यास शस्त्रकर्मापूर्वी तीक्ष्ण मद्य पाजावे, असे सूत्रस्थानात सांगितले आहे. आज ते कार्य बधिर करणारी सुई करते. ती टोचताना क्षणभर दुखते. पुढे दाब जाणवला, तरी सहसा वेदना होत नाही.

यास्तव रुग्णाने आपले भय, मधुमेह, चालू औषधे आणि पूर्वी एखाद्या औषधाची झालेली बाधा डॉक्टरांस निःसंकोच सांगावी. करण्याजोगे केल्यावर जे उरते, तेवढेच सहन करावयाचे असते.