नवा क्लच बसवला, तरी गिअर अडतो?

भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीसारख्या यंत्रमागाच्या शहरांत आम्हा कापडवाल्यांचा बराच माल जुन्या पिकअप गाड्यांतून हलतो. नवा क्लच बसवून गाडी गॅरेजमधून येते, तरी गिअर पडत नाही. मग मिस्त्री म्हणतो, "गिअरबॉक्स पुन्हा उतरवावा लागेल." म्हणजे मजुरी दुप्पट आणि तागे गोदामात पडून! व्यापारी बंधूंना आमचे सांगणे एवढेच की, गिअरबॉक्स उतरवणे हा शेवटचा उपाय आहे. आधी बाहेरून तपासणी करून घ्यावी.

प्रथम दोष ओळखावा. इंजिन बंद असताना गिअर सहज पडतात, पण चालू असताना करकरतात, तर क्लच पूर्ण सुटत नाही असे समजावे. उलट, इंजिनचा आवाज वाढतो पण भरलेली गाडी चढ चढत नाही, तर प्लेट घसरते आहे.

क्लच सुटत नसेल तर पेडलचा फ्री प्ले पाहावा. तो जास्त असेल तर कमी करावा. केबल अडकते का, तेही पाहावे. हायड्रॉलिक क्लच असल्यास ऑइलची पातळी आणि गळती तपासावी. पेडल भराभर दोन-तीन वेळा दाबल्यावर गिअर पडत असेल, तर बहुधा लाइनमध्ये हवा आहे, ती काढावी. त्यात ब्रेक ऑइलच घालावे. इंजिन ऑइलने आतले रबर फुगते.

प्लेट घसरत असेल तर फ्री प्ले अगदीच नाहीसा झाला आहे का, हे आधी पाहावे.

एवढे करूनही दोष राहिला, तरच गिअरबॉक्स उतरवावा आणि त्या वेळी समोर उभे राहून या गोष्टी पाहाव्यात :

१. प्लेट उलटी तर बसली नाही?
२. गिअरबॉक्स चढवताना त्याचे वजन प्लेटवर लटकून ती वाकली का?
३. नव्या प्लेटचा व्यास आणि मधले दाते जुनीशी जुळतात का?
४. फ्लायव्हीलवर खाचा किंवा निळे डाग आहेत का?
५. क्रँकचे मागचे ऑइल सील गळून प्लेटला तेल लागले का?

खरी बचत पहिल्याच वेळी होते. प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग एकदमच बदलावे. सीलही त्याच वेळी तपासावे. पाच पैसे वाचवण्यासाठी जुने बेअरिंग ठेवले, तर तेवढ्यासाठी सगळी मजुरी पुन्हा द्यावी लागते. सुटे भाग घेताना जुनी प्लेट दुकानात सोबत न्यावी आणि पक्के बिल घ्यावे.