जुन्या ट्रॅक्टरची डिझेलगळती : शोध आणि दुरुस्ती

गोव्यातील भातशेतीत आणि घाटावरच्या खानापूर, बेळगाव भागात पंचवीस-तीस वर्षे वापरलेले ट्रॅक्टर आजही कामावर दिसतात. यंत्र जुने झाले तरी त्याचे इंजिन बहुधा दणकट असते. थकतात त्या त्याच्या नळ्या, रबरी कडी, वॉशर आणि पत्रा. सरद हंगामाची चिखलणी उरकली की वायंगणापर्यंत ट्रॅक्टर उभाच राहतो. त्या अवधीत रबर सुकते, दमट हवेने टाकीच्या आतल्या बाजूला पाणी धरते व पत्रा गंजू लागतो. मग नेमक्या घाईच्या दिवशी इंजिनाखाली डिझेलचा ओला डाग दिसतो. तो पाहून कोणी नट आवळतो, कोणी साबण लावतो, कोणी खाली डबा ठेवून नांगरटीस निघतो. मूळ दोष मात्र तसाच राहतो.

गळणाऱ्या एका थेंबाची किंमत किती, हे शाळेतील मुलांनाही काढता येईल. सेकंदाला एक थेंब पडत असेल, तर चोवीस तासांत ८६,४०० थेंब पडतात. चाळीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तरी हे डिझेल दोन लिटरांहून अधिक भरते. कॉक उघडा ठेवून ट्रॅक्टर रात्रभर उभा केल्यास गळती रात्रभर चालते, ही गोष्ट सहसा हिशेबात धरली जात नाही. खाली स्वच्छ डबा ठेवून सकाळी मापाने मोजले, म्हणजे अंदाजाला जागा उरत नाही.

गळती नेमकी कोठून?

डिझेलचा मार्ग ध्यानात असला की शोध सोपा होतो. टाकीतून कॉकमार्गे ते खाली येते. गाळ बसण्याच्या वाटीतून फीड पंपात, तेथून फिल्टरांत व पुढे इंजेक्शन पंपात जाते. इंजेक्शन पंप ते जाड भिंतीच्या बारीक नळ्यांतून नॉझलकडे पाठवितो. नॉझलमध्ये उरलेले डिझेल ओव्हरफ्लोच्या पातळ नळीने परत फिरते.

इंजिन बंद, पण कॉक उघडा असताना थेंब पडत असेल, तर दोष बहुधा टाकी, कॉक, वाटी अथवा फीड पंपापर्यंतच्या नळीत असतो. इंजिन सुरू केल्यावरच ओल दिसत असेल, तर तो फीड पंपाच्या पुढे शोधावा. तिसरा प्रकार फसवा आहे. थेंब कोठेच पडत नाही, पण रात्रभर उभा राहिलेला ट्रॅक्टर सकाळी सुरू होत नाही, किंवा सुरू होऊन दोन मिनिटांत बंद पडतो. मेकॅनिक लोक याला ‘एअर घेतली’ असे म्हणतात. टाकी व फीड पंप यांमधल्या एखाद्या सैल जोडातून डिझेल बाहेर येण्याऐवजी हवा आत ओढली जाते. डाग नाही म्हणून गळती नाही, असे येथे समजू नये.

ज्या जागी डिझेल ठिबकते, तेथेच दोष असतो असेही नाही. थेंब नळीवरून घरंगळत येतो व सर्वांत खालच्या नटाच्या टोकाशी लोंबतो. बिचाऱ्या त्या नटालाच मग दोष दिला जातो. यासाठी प्रथम सर्व भाग घासून पुसून कोरडे करावेत. त्यांवर खडूची भुकटी भुरभुरावी आणि इंजिन काही वेळ चालवून पाहावे. पांढऱ्या भुकटीवर जेथे पहिली ओल उमटेल, ते उगमस्थान. पुसण्यासाठी सुताचा गुंता न वापरता धागे न सुटणारे सुती कापड घ्यावे. सुताचे तंतू आत गेले, तर गळतीऐवजी फिल्टर तुंबण्याची तक्रार सुरू होते.

एक गोष्ट मात्र कोणीही, कितीही घाई असली तरी, करू नये. इंजिन चालू असताना नॉझलकडे जाणाऱ्या नळीवर बोट फिरवून गळती चाचपू नये. नॉझल साधारणपणे दर चौरस सेंटीमीटरला दीडशे ते दोनशे किलोग्रॅम दाबाने उघडते. या दाबाने चिरेतून निसटलेली डिझेलची धार केसाइतकी बारीक असते. डोळ्यांना दिसतही नाही. ती कातडीत सुईसारखी शिरते. जखम टाचणीच्या टोकाएवढी आणि दुखणे सुरुवातीला किरकोळ वाटते. काही तासांनी हात सुजतो, आणि उपचारास उशीर झाल्यास बोट किंवा हातही गमवावा लागतो. असे घडल्यास हळद, मलम यांत वेळ न घालविता शस्त्रक्रियेची सोय असलेले रुग्णालय गाठावे व ‘दाबाने डिझेल आत गेले आहे’ हे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. नळी तपासायचीच असेल, तर पुठ्ठ्याचा तुकडा दूरून धरावा. ओला ठिपका त्यावर उमटतो.

दुरुस्ती

बहुसंख्य गळत्या तांब्याच्या वॉशरपाशी असतात. बँजो बोल्टच्या दोन्ही बाजूंना हे वॉशर असतात. एकदा आवळले गेलेले तांबे कठीण होते व पुन्हा नीट दबत नाही. मग बोल्ट अधिकाधिक आवळला जातो आणि शेवटी फिल्टरच्या डोक्यातले आटेच निघून येतात. चार पैशांच्या वॉशरपायी पूर्ण डोके बदलावे लागते. शक्य तेथे नवा वॉशर घालावा. न मिळाल्यास जुना वॉशर लोहाराच्या भट्टीत लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाकावा. पोलादाच्या उलट, तांबे असे केल्याने मऊ होते. काजळी व खरबरीतपणा घासून काढला, म्हणजे तो पुन्हा चालतो.

फिल्टरच्या भांड्याची रबरी कडी फिल्टर बदलताना प्रत्येक वेळी नवी घालावी. जुनी कडी खाचेत चिकटलेली असताना वरून दुसरी बसविणे ही नेहमीची चूक आहे. रबराबाबत अलीकडची एक माहितीही ध्यानात ठेवण्याजोगी आहे. १ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज सहाचे डिझेल मिळू लागले. त्यात गंधकाचे प्रमाण दहा लाख भागांत दहा भागांपर्यंतच असते. १९९३ साली अमेरिकेत कमी गंधकाचे डिझेल आले, तेव्हा काही जुन्या इंजिनांच्या पंपांतील सील आकसून गळू लागल्याचा अनुभव आला होता. जुन्या इंधनात वर्षानुवर्षे फुगून बसलेले रबर नव्या इंधनात आकसते. असे सील बदलताना डिझेलला टिकणाऱ्या व्हायटॉन जातीचे मागावेत.

नॉझलकडे जाणारी नळी चिरली असेल, तर तिला डाग देऊन किंवा वेल्डिंग करून चालत नाही, नवीच घालावी. ती चिरते बहुधा तिला धरून ठेवणारी क्लिप हरवल्यामुळे. क्लिप फुकट जाते आणि कंपनाने नळी तुटते. म्हणून नव्या नळीबरोबर क्लिपही बसवावी. नट सोडताना व आवळताना दोन पाने वापरावेत, एक जोड धरण्यास व दुसरा नट फिरविण्यास.

टाकीस बारीक भोक पडल्यास अंगाचा साबण दाबून घरापर्यंत येता येते. डिझेलमध्ये तो सहजी विरघळत नाही. मात्र तो घरापर्यंतचाच उपाय होय. टाकी झाळण्यास नेताना ती रिकामी केली की धोका टळला, अशी समजूत आढळते. वस्तुतः रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा अधिक धोक्याची, कारण तिच्यात वाफ कोंडलेली असते. धुण्याचा सोडा घातलेल्या गरम पाण्याने ती अनेकदा धुवून, जवळपास पाण्याने भरून, झाकण उघडे ठेवून जाणत्या कारागिराकडूनच काम करून घ्यावे.

आतली गळती

सर्वांत महाग पडणारी गळती बाहेर दिसतच नाही. फीड पंपाचा डायफ्राम फाटला, किंवा रोटरी जातीच्या इंजेक्शन पंपाच्या शाफ्टचे सील गेले, तर डिझेल थेट इंजिनाच्या चेंबरमध्ये उतरते. डिपस्टिकवर तेल कमी होण्याऐवजी वाढलेले दिसते. हे पाहून कित्येकांना समाधान वाटते, आणि घोटाळा तेथेच होतो. पातळ झालेले तेल बेअरिंगांना आधार देत नाही. थोड्याच दिवसांत क्रँकशाफ्टचे काम निघते. तेल बोटावर घेऊन हुंगावे. डिझेलचा वास येत असल्यास ट्रॅक्टर तत्काळ बंद ठेवावा, डायफ्राम अथवा सील बदलावे आणि तेल व तेलाचा फिल्टर दोन्ही नवे घालावेत. इंजेक्शन पंप मात्र घरी उघडू नये. त्याची जुळणी तपासणीच्या यंत्रावरच होते.

सुट्या भागांची अडचण काही जातींना अधिक जाणवते. पिंजोर येथील एच. एम. टी.चा ट्रॅक्टर विभाग बंद करण्याचा निर्णय २०१६ साली झाला. त्या जातीचे ट्रॅक्टर बाळगणाऱ्यांनी डायफ्राम, कडी व वॉशर यांचा एक संच आधीच घेऊन ठेवणे बरे. ज्यांना हे काम पद्धतशीर शिकायचे असेल, त्यांच्यासाठी मध्य प्रदेशातील बुदनी येथे १९५५ पासून केंद्र सरकारची प्रशिक्षण संस्था आहे.

कोणताही जोड उघडला की आत हवा शिरते. ती काढल्याशिवाय इंजिन सुरू होत नाही. कॉक उघडून फिल्टरवरील एअरचा स्क्रू सैल करावा व फीड पंपाची हाताची कळ हलवीत राहावे. कळ सैल लागून जोर करीत नसल्यास पंपाचा आतला दांडा कॅमवर चढलेला असतो. इंजिन थोडे फिरवून पुन्हा कळ हलवावी. बुडबुडे थांबून अखंड डिझेल येऊ लागले की स्क्रू आवळावा. मग हेच इंजेक्शन पंपावर करावे. शेवटी नॉझलजवळचे नट अर्धा फेरा सैल करून, हात व तोंड दूर ठेवून, स्टार्टर मारावा. तेथे डिझेल दिसताच स्टार्टर सोडून नट आवळावेत आणि भुकटी लावलेल्या जागा पुन्हा एकदा पाहाव्यात.