माडीची खिडकी पुसताना: काय करावे, काय टाळावे

घट बसायच्या आधी आमच्या मुकुटबनात घराघरांतून साफसफाई निघते. भांडी, कपाटं, जाळी-जळमटं उरकतात आणि शेवटी सगळ्यांची नजर माडीच्या खिडकीवर जाते. बाहेरची बाजू वर्षभराची मळलेली असते आणि हात तिथवर पोचत नाही. इथल्या सिमेंटच्या कारखान्यात उंचावर चढणारा गडी कमरेला पट्टा बांधल्याशिवाय पाय उचलत नाही. त्याच्याच घरी बायको प्लास्टिकच्या स्टुलावर उभी राहून अर्धी खिडकीबाहेर वाकते. हे बंद व्हायला हवं.

काय करावे

- होईल तेवढं काम आतून करावं. सरकत्या ॲल्युमिनियमच्या खिडकीचा पल्ला बहुतेक वेळा आत काढता येतो. अडवणारा स्क्रू असेल तर तो आधी सैल करावा. दोघांनी मिळून पल्ला सरळ वर उचलावा. वरच्या खाचेत तो चढला की खालची चाकं रुळावरून सुटतात, मग खालची कड आत ओढावी. जमिनीवर जुनी गोधडी अंथरून त्यावर पल्ला उभा करावा आणि निवांत पुसावा. बाहेरून ग्रिल असेल तरच हे करावं. ग्रिल नसेल तर हातातून सुटलेली काच खाली कुणाच्या डोक्यात पडेल.

- आधी कोरडं, मग ओलं. आपल्याकडची धूळ साधी नसते. तिच्यात काळी माती असते, ट्रकच्या रस्त्याचा फुफाटा असतो, चुनखडीची भुकटी असते. तिच्यावर थेट पाणी मारलं की चिखल होतो आणि काचेवर ओरखडे उठतात. मऊ ब्रशने धूळ झाडावी, मगच ओलं फडकं लावावं.

- कबुतरांची घाण मात्र याच्या उलट. ती कोरडी खरवडली की भुकटी नाकात जाते आणि फुप्फुसाचे आजार होऊ शकतात. नाकाला रुमाल बांधून आधी ती भिजवावी, मग उचलावी.

- रूळ विसरू नये. आमच्या माडीच्या खिडकीच्या रुळात साचलेली माती दोन पावसाळ्यांत गिलाव्यासारखी घट्ट झाली होती. जुन्या टूथब्रशने उकरल्यावर खाली पाणी जायची बारीक भोकं दिसली. ती बुजल्यामुळेच पावसाचं पाणी आत गादीपर्यंत येत होतं. ही भोकं मृगाच्या आधी मोकळी करावीत.

- बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग साबणाने जात नाहीत. निम्मं व्हिनेगर, निम्मं पाणी घेऊन फडकं भिजवावं आणि पाच मिनिटं डागावर दाबून धरावं. शेवटचा हात फिल्टरच्या पाण्याचा द्यावा.

- काम सकाळी उरकावं. तापलेल्या काचेवर पाणी पुसण्याआधीच वाळतं आणि पट्टे उरतात.

काय टाळावे

- सज्ज्यावर पाय ठेवू नये. तो ऊन-पाऊस अडवायला असतो, माणूस पेलायला नाही. आतली सळई गंजली तरी वरून बरेचदा काही कळत नाही.

- विजेच्या तारेजवळ लोखंडी किंवा ॲल्युमिनियमचा दांडा, शिडी नेऊ नये. ओला बांबूही घातक. घराला येणारी सर्व्हिस वायर खिडकीशेजारूनच जात असेल तर ती बाजू सोडून द्यावी.

- शिडी उभी, सरळ लावू नये. चार फूट उंचीला पाया एक फूट बाहेर हवा. खाली शेण-मातीचं अंगण असेल तर पाय रुततात, म्हणून फळी ठेवावी. एकाने शिडी धरायचीच, हातातला मोबाइल खिशात घालून.

- व्हिनेगर कडप्प्याच्या किंवा शहाबादी फरशीच्या चौकटीवर सांडू देऊ नये. तो दगड चुन्याचाच, त्याची चकाकी जाते. ब्लीचिंग पावडर तर व्हिनेगरमध्ये कधीच मिसळू नये, विषारी वायू निघतो.

- सज्ज्याखाली आग्या मोहोळ असेल तर त्या खिडकीला पाणी, काठी, धूर काहीही लावू नये. जाणकार माणूस बोलवावा, तोवर खिडकी बंद.

- कामाला येणाऱ्या बाईला किंवा पोराला जे आपण स्वतः करणार नाही, ते सांगू नये. तिला ‘जरा बाहेर वाकून पूस’ म्हणणं सोपं असतं. तिच्या घरीही लेकरं वाट पाहत असतात.

एवढं करूनही वरच्या कोपऱ्यात हातभर मळकी काच उरली तर उरू द्यावी.